मोकळे केस

"आईच्या टीव्हीतली भांडणं पार जिन्यापर्यंत ऐकू येतात," कामावरून परतताना नवरा कुरकुरला. "पण तिला सांगणार कोण?"

सुनेने घामेजल्या मानेवरचे केस बाजूला सारले. तिच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र चारचौघांत दिसू नये म्हणून सासूबाईंनी लग्नापासून तिला ऐन उकाड्यातही केस बांधू दिले नव्हते.

अर्ध्या जिन्यात ती थबकली. "अहो, बाळ रडतंय!"

ती धावतच घरात शिरली. सासूबाई दाराकडे पाठ करून निवांत मटार सोलत होत्या. आतल्या खोलीत पाळण्याच्या दांड्यांत बाळाचा पाय अडकला होता, रडून रडून ते लालबुंद झालं होतं. तिने पाय हळूच सोडवला आणि त्याला उराशी घट्ट धरलं.

बाहेर मुलगा समोर दिसताच सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल रे, बाळ झोपलंय."

मग त्यांची नजर खोलीच्या दारात उभ्या सुनेकडे गेली, तिच्या खांद्यावर हुंदके देणाऱ्या बाळाकडे गेली. सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

 

"मला ऐकू येत नाही गं," त्या म्हणाल्या. "केस बांध तुझे. ते कानात कसं घालतात, बघू दे मला."