गोळी लागू पडेना

"गोळी रोज घेतात ना?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"रोज. मी स्वतःच्या हातानं देते," रूपाली म्हणाली.

ते खोटं नव्हतं. ज्यांना देत होती त्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

भिला पाटील, म्हणजे आबा, तिचे सासरे. साखर तीनशेच्या खाली उतरायला तयार नाही, डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाही. पण गोळ्या खाऊन खाऊन चुलतभावाच्या किडन्या गेल्या, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "साखरथीन मरसू, पन गोळीथीन नही मरसू," म्हणत पहिलं पाकीट त्यांनी उकिरड्यावर भिरकावलं. घरच्या मशीनवर बोटातलं रक्त तपासायला मात्र त्यांची ना नसे. आलेला आकडा पारावर सांगता यायचा ना!

शेवटी रूपाली आणि तिचा नवरा हेमराज, दोघांनी मिळून उपाय काढला. गोळी कुटायची आणि आबांच्या वरणाच्या वाटीत मिसळायची. सासूला, दगूबाईंना, मुद्दाम सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

त्या घरात सासरा जेवायला बसला की सून समोर थांबत नसे. रूपाली साडेदहाला ताट मांडायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि मागच्या दारानं अंगणवाडीला निघायची. दुपारी येऊन पाहावं तर मोरीत दोघांचं मिळून एक ताट, एक वाटी. वाटी चाटूनपुसून साफ. तिच्या जिवाला तेवढाच आधार होता.

"म्हणजे एका गोळीनं भागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन गोळ्या करा, नाहीतर इन्सुलिन सुरू करा. उशीर केला तर अंगठा जाईल. पण दोन गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस बेशुद्धही पडतो. असं झालं तर लगेच गूळ, साखर काहीतरी द्यायचं. बारीक लक्ष ठेवा."

शहाद्याहून परतताना एसटीत रूपालीचं डोकं भणभणत होतं. इन्सुलिन काही वरणात कालवता येत नाही. दोन गोळ्या द्याव्यात तर जिवाची भीती, न द्याव्यात तर पायाची. आणि दोन महिन्यांत एवढासाही गुण कसा नाही? आबा चोरून गोड खातात म्हणावं, तर दुकानदार अमृतलाल शेठनं कानाला हात लावले होते. आबांना चहासुद्धा बिनसाखरेचाच देतो, म्हणाला. तिला काहीच उमजत नव्हतं.

त्यात दगूबाईंचं म्हातारपण एकाएकी धावत आलं होतं. परवा मिरच्यांचे देठ खुडताना त्यांनी देठ टोपलीत ठेवले आणि मिरच्या फेकल्या. एकदा रूपालीला मोतीबाई म्हणून हाक मारली. मोतीबाई ही त्यांची बहीण, वारून दहा वर्षं झालेली. दुपारी धुतलेलं दुसरं पोलकं तर रोजच दोरीवर दिसायचं.

"आई, परत अंघोळ केली?"

"उन्हाळा शे माय. आंग भिजी जास."

आखाजीचा सण झाला की आईला नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं, असं हेमराजनं ठरवलं. एकाचं निस्तरत नाही तोवर दुसरीचं सुरू, म्हणून तो वैतागला होता. त्याचंही खरंच होतं.

रात्रभर दोघांनी विचार केला. पाय गेला तर आबा खाटेवर झुरून मरतील, हे दोघांनाही कळत होतं. दोन गोळ्यांवर ठरलं.

सकाळी रूपालीनं दोन गोळ्या कुटल्या. वरणात लिंबू पिळलं, तूप जरा जास्तच सोडलं.  देवाचं नाव घेऊन तिनं वाटी ताटात ठेवली आणि सासूला बाजूला बोलावलं.

"आई, आज आबांवर लक्ष ठेवा. घाम सुटला, थरथरायला लागले, तर हा गूळ त्यांच्या तोंडात घाला. आणि मला फोन करा."

"त्यास्ले काय व्हस?" दगूबाई हसल्या. "सकायमा आखी मोळी फोडी टाकी त्यास्नी. जाय तू, पोरं वाट दखी ऱ्हायनात."

रूपाली अंगणवाडीत पोचली. पोरांना ओळीत बसवलं, गाणं सुरू केलं आणि अर्ध्यावरच विसरली. अर्धा तास कसाबसा काढला. मग पोरं मदतनीस रंजनाबाईंवर सोपवून ती घराकडे जवळजवळ पळतच सुटली. आबा जमिनीवर कोसळलेत असं तिला वाटेतच दिसू लागलं होतं.

मागच्या दाराशी तिला आबांचा आवाज ऐकू आला. ठणठणीत. तिचा जीव भांड्यात पडला.

"आज तं वरण रोजथीन भलतंच कडू व्हतं वं. जीभले लायं नि वाटीमा तसंच ठी दिन्हं."

"हळू बोला. वहू मन लाईसन रांधस. कडू लागस आशे तिले कव्हयच सांगानं नही."

रूपाली आत शिरली. आबा खाटेवर बसून दात कोरत होते. खाली दगूबाई, लग्न झाल्यापासून बसत आल्या तशा, नवऱ्याच्या उष्ट्या ताटावर जेवायला बसल्या होत्या. पोलकं पाठीला चिकटलं होतं. सुनेला पाहून त्या गडबडल्या. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं वाटी पुसून त्यांनी तो तोंडात टाकला आणि थरथरत्या हातानं रिकामी वाटी वर धरली.

"दख मोतीबाई, तुन्हा सासरानी कशी चाटीपुसी साफ करी!"