चौतीस सह्या

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाला आज एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि अण्णासाहेबांच्या पोटात नेमकं तेच दुखत होतं. नऊ वर्षं ते मंडळाचे अध्यक्ष होते. त्या नऊ वर्षांत हॉल असा भरलेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"बुफे ठेवलाय ना, म्हणून आलेत सगळे," ते बायकोला म्हणाले.

"तुमच्या वेळीही जेवण असायचंच की," सविताताई म्हणाल्या आणि मागे वळून कुणाला तरी हात हलवू लागल्या.

मार्चमध्ये त्यांच्या जागी सत्यजित निवडून आला. पस्तिशीचा, सदा हसतमुख. आल्या आल्या त्याने अण्णांचा एकेक नियम मोडीत काढला. पंगत खलास. खोर फक्कानची सहल खलास, तिच्याऐवजी दुबई मरीनात बोट. मुलांनी स्टेजवर फक्त मराठीतच बोलायचं, तेही खलास. तेव्हापासून मंडळात सरळ दोन पार्ट्या होत्या. आजही मधल्या वाटेच्या डावीकडे अण्णांची माणसं बसली होती आणि उजवीकडे सत्यजितची, लग्नातल्या वरपक्ष-वधूपक्षासारखी.

"इंग्लिशच बोलायचं तर मराठी मंडळ कशाला? क्लब काढा ना!" डावीकडून मोहिद्दीनभाई खेकसले. रत्नागिरीचे कॉन्ट्रॅक्टर, अण्णांचा उजवा हात.

"माझी मिहिका आज पहिल्यांदा स्टेजवर चढतेय, भाई," उजवीकडून उर्मिलाने ठणकावलं. "तुमच्या नियमात पोरगी घरीच बसायची."

अण्णांनी छातीशी हात नेऊन कोट चाचपला. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात अर्ज होता. जुने नियम परत आणा, नाहीतर नवी निवडणूक घ्या. खाली चौतीस सह्या. सह्या कागदावरच हव्यात, असं अण्णांनी बजावलं होतं; व्हॉट्सअपवरचा अंगठा त्यांच्या लेखी सही नव्हे. पहिली सही त्यांची, दुसरी सविताताईंची, तिसरी मोहिद्दीनभाईंची. समई लागली की सभासदांना दोन शब्द बोलता येत. तेव्हाच उठायचं, भर सभेत अर्ज वाचायचा, आणि त्या पोराचं हसू एकदाचं उतरवायचं.

सूत्रसंचालन करणारी पर्णिका माईकवर आली. "दीपप्रज्वलनासाठी मी मंडळाच्या अध्यक्षांना विनंती करते..."

अण्णा उठले. कोट सारखा केला, घसा खाकरला आणि ताठ मानेने चालत थेट समईपाशी गेले. नऊ वर्षांची सवय ती, पाय आधी निघाले. डोकं जागं झालं तेव्हा समोरून सत्यजित हातात मेणबत्ती घेऊन येत होता.

तेवढ्यात डावीकडून टाळ्या सुरू झाल्या. त्या मंडळींना वाटलं, अण्णांनी बंड केलं! उजवीकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, अध्यक्ष कोण? बसा खाली!" अण्णांनी मागे फिरावं तर फजिती, तिथेच उभं राहावं तर त्याहून मोठी.

सत्यजित आला, वाकून त्याने अण्णांच्या पायांना हात लावला आणि मेणबत्ती त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीच लावा, अण्णा. इतकी वर्षं तुमच्याच हाताने लागलीय. मी नुसता बाजूला उभा राहतो."

आणि खरंच राहिला.

वात पेटली आणि हॉल दणाणला. दोन्ही पार्ट्या उठून टाळ्या वाजवत होत्या. अण्णांनी वर पाहिलं, तर सगळ्यांच्या नजरा सत्यजितवर. समई लावली कुणी आणि टाळ्या कुणाला! निवडणूक हरले त्या दिवशीही अण्णांचा असा जळफळाट झाला नव्हता.

ते जागेवर येऊन बसले. "सभासदांचे दोन शब्द आता पाच मिनिटांत सुरू करू या," पर्णिकाने जाहीर केलं. अण्णांनी खिशातून अर्ज काढला. आता तर वाचायचाच.

"अण्णा, जरा द्या तो कागद," शेजारून मोहिद्दीनभाई म्हणाले. अण्णांनी दिला. भाईंनी पेन काढलं आणि तिसऱ्या सहीवर सरळ आडवी रेघ ओढली.

"हे काय, भाई?"

"माफ करा. एवढा मान दिला त्याने तुम्हाला. आता ह्यावर माझी सही नको. उद्या त्याला तोंड कसं दाखवू?"

त्यांच्या पलीकडून नीरवने, चौथ्या सहीवाल्याने, हात पुढे केला. कागद त्याच्याकडे गेला, मग त्याच्या शेजारी, मग मागच्या रांगेत. बरोबर पेनही गेलं. वळून बघणं अण्णांना कमीपणाचं वाटलं. ते समईकडे बघत राहिले.

कागद परत आला तेव्हा त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. रेघ, रेघ, रेघ. वरच्या दोन सह्या तेवढ्या शाबूत होत्या. अण्णांना एकदम भरून आलं. जगात निदान एक माणूस आपलं आहे.

"सविता," ते हळूच म्हणाले, "तू तेवढी राहिलीस माझ्या बाजूने."

"कशात?" गप्पा थांबवून सविताताई वळल्या. त्यांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला.

"अहो, ही माझी कुठली? ही तुम्हीच केली असणार. बँकेत, व्हिसाच्या फॉर्मवर करता तशी."

"सभासदांपैकी कुणाला काही बोलायचंय?" पर्णिकाने विचारलं. डावीकडून कुणी उठलं नाही. तोवर मिहिका स्टेजवर आली होती. सविताताईंनी आपली पर्स अण्णांच्या मांडीवर, त्या कागदावरच ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या.