शांताकाकूंची पसंती

पापडी गावच्या शांताकाकूंनी नवऱ्याच्या ज्या मोटरसायकलकडे तीस वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिच्या फ्रेमवरचा गंज त्यांना गेल्या महिन्यात अचानक दिसला. "खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लीय, रंगवून घ्या," म्हणत त्या नरहरीकाकांच्या मागेच लागल्या. मेकॅनिकने इंजिन उतरवून ओटीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलं आणि फ्रेम रंगवून आणली.

काकूंना काळा रंग फारच काळा वाटला. मग लाल भडक वाटला. हिरवा आला तेव्हा म्हणाल्या, "उन्हात बघून सांगते," आणि पुढचे आठ दिवस त्यांना उन्हात यायला वेळच मिळाला नाही. काका बडबडत पायी बाजारात जात राहिले.

सोमवारी काकांना तपासून डोळ्यांचे डॉक्टर खूश झाले. "मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर गाडी चालवू नका म्हटलं की कोणी ऐकत नाही. तुम्ही ऐकलंत. आता चालवा खुशाल."

"ऐकतोय कसला," काका म्हणाले, "गाडीचं इंजिनच ओटीवर पडलंय."



दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काकू म्हणाल्या, "अहो, हिरवाच राहू दे. छान दिसतोय. मेकॅनिकला आजच बोलवा."