हनुवटीची पट्टी

"जित्या माणसाची हनवटी बांधतत काय गो?" राधाबाईंनी विचारलं आणि सुनेच्या हातातली चिंधी ओढून घेतली.

दुर्गाने ती परत घेतली. जुन्या लुगड्याचा काठ होता, चार बोटं रुंद. सासूला उत्तर द्यायची गरजच नव्हती, ते खोलीत घुमत होतं. तीन रात्रींच्या जागरणानंतर तिचा नवरा वसंत पहाटे चोरून घरी आला होता आणि पडल्या पडल्या घोरायला लागला होता. तिने त्याला कुशीवर वळवलं, उशी काढली, नाकसुद्धा दाबून पाहिलं. एरवी या घोरण्याची सगळी चाळ थट्टा करायची. गिरणीचा भोंगा बिघडला तर वसंताला झोपवा, म्हणायची. आज ती थट्टा महागात पडली असती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चापासून त्याच्यावर वॉरंट होतं, आणि खाली पानवाल्याच्या बाकड्यावर एक अनोळखी इसम तासभर एकच पान चघळत बसला होता. भर दुपारी, पुरुष गिरणीत गेलेले असताना, लालबागच्या चाळीत कोण घोरतंय हे कळायला कितीसा वेळ लागतो?

तिने पट्टी हनुवटीखालून घेतली आणि टाळूवर गाठ मारली. तोंड मिटलं, घोरणं थांबलं. राधाबाईंनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्याचा बाप गेला तेव्हा त्याची हनुवटी अशीच बांधली होती, पाच वर्षांपूर्वी, याच खोलीत.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले.

उठवलं तर तो पळणार, आणि पळायला जिना एकच. दुर्गाने चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. पट्टी पाहूनच तिला ते सुचलं, आणि सुचल्याची तिला शिसारी आली. मग तिचा हात कपाळाकडे गेला. कुंकवापाशी बोटं थांबली, पुढे जाईनात.

दारात हवालदार उभा राहिला, घाटावरचा, मिशा पिकलेला. त्याने पट्टी पाहिली. मग त्याची नजर खाली छातीवर आली. तिथे चादर वर-खाली होत होती. त्याने ते पाहिलं, आणि त्याने पाहिल्याचं दुर्गाने पाहिलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"कुंकू पुसू नका, वैनी," तो हळूच म्हणाला. "पायाचं अंगठं बांधायचं राहिल्यात. सायेब वर येत्यात."

उरलेला काठ राधाबाईंनी उचलला. मुलाचे दोन्ही अंगठे जुळवले, दोन वेढे दिले, गाठ मारली. कसं बांधतात ते त्यांना सांगावं लागलं नाही.

साहेब आला तो उन्हातून, त्यामुळे खोलीतलं त्याला धड दिसेना. कोण गेलं, म्हणून त्याने विचारलं. घरातला म्हातारा, सकाळीच गेला, असं हवालदाराने सांगून टाकलं. साहेबाने मान हलवली खरी, पण उंबऱ्यावरून तो हलला नाही. डोळे बारीक करून आत बघत राहिला.

आणि पट्टीच्या आतून घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग वाढत चाललेली.

राधाबाईंनी हंबरडा फोडला. मुलाच्या छातीवर अंग टाकलं, त्याचं तोंड पदराखाली घेतलं आणि अशा रडल्या, की नवरा गेला तेव्हाही तशा रडल्या नव्हत्या. रडणं खोटं म्हणून सुरू झालं होतं. दोन हुंदक्यांनंतर त्यात खोटं काही उरलं नाही.

साहेबाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि पुढच्या खोलीच्या दाराकडे गेला. हवालदार त्याच्या मागे गेला, वळून न बघता.

बूट जिना उतरून गेले. राधाबाईंनी आधी अंगठे सोडले आणि तो काठ चुलीत कोंबला. डोळ्यांचं पाणी मात्र खळत नव्हतं. वसंत तसाच झोपलेला होता, कुणाला काही न विचारता मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला. दुर्गाचा हात त्याच्या टाळूवरच्या गाठीकडे गेला.

राधाबाईंनी तो धरला.

"ती रवांदे," त्या म्हणाल्या. "परत घोरात तो."