एडक्याची घंटी

वाशीमला शाळकरी पोरांची दोन बोर्डिंगं, अन् दोहोंचा एकेक मानाचा एडका. हुतूतूच्या सामन्याआधी दुसऱ्यांच्या एडक्याच्या गळ्यातली घंटी पळवायची, ही रीत. सापडेल त्याची अर्धी हजामत करून भरबाजारातून गाढवावर धिंड. यंदा घंटी पळवायची पाळी शालिकरामची, अन् उद्याच्या बाजारात त्याचा बाप वांगी विकायला बसणार होता. दिवेलागणीला तो कुडाच्या भगदाडातून गोठ्यात शिरला. लोलक मुठीत आवळून त्यानं घंटी सोडवली. एडका निवांत रवंथ करत राहिला. तेवढ्यात दाराबाहेर राखणीला बसलेल्यांच्या गप्पा थांबल्या. "घंटीचा आवाज काहून बंद झाला बे?" मूठ सैल करून शालिकरामनं रवंथाच्या लयीत घंटी हलवायला घेतली, पण हात असा कापत होता की ती थांबेचना. बाहेर कोणीतरी उठलं. "एडका एवढा कायले भेऊन राह्यला? कंदील आन बरं."