गुपचूप दुरुस्ती

‘आई, बाबांना बोलू दे ना,’ सिद्धी फोनवर करवादायची. बाबांना काहीही विचारलं की उत्तर आईच द्यायची. बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या ऑफिसात सिद्धी नव्या इंजिनिअरांना शिकवायची, ‘संगणकाची मेमरी स्वतःच्या चुका गुपचूप दुरुस्त करते, म्हणून सगळं ठीक दिसतं. पण दुरुस्त्या वाढल्या की समजायचं, चिप जाणार.’ आई अचानक गेली. तेरावं उरकून सिद्धीनं बाबांना बेळगावहून बेंगळुरूला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीबाहेर आले ते शर्टाची बटणं वरखाली लावूनच. ‘अक्का,’ परक्या बाईशी बोलावं तसं त्यांनी तिला विचारलं, ‘आमची ही कुठं गेली? बटणं तीच लावते.’ सिद्धीनं ती मुकाट्यानं नीट लावली. तेवढ्यात पुण्याहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. ‘बाबा, झोप लागली?’ बाबा नुसते बघत राहिले. ‘छान लागली,’ सिद्धीच म्हणाली. ‘ताई, बाबांना बोलू दे ना.’