झुंबरबाईंना दाखवलेली चिखली

"हिंमतराव अडत्याचं घर कोन्या गल्लीत हाय हो, बाई?"

नणंदेला मेहकरच्या गाडीत बसवून अन्नपूर्णाबाई चिखलीच्या एसटी स्टँडवरून परत फिरल्या होत्या. समोर त्यांच्याच वयाची एक बाई उभी होती. पायातल्या वहाणा धुळीनं माखलेल्या, हातात कापडी पिशवी.

"काऊन? काय काम हाय तिथं?"

बाई जरा घुटमळली. "मी झुंबरबाई. मोताळ्याहून आली. त्यायच्या देविदासाले माही कोकिळा देऊन राह्यलो. मानसायनं सारं पक्कं केलं. पोरीले बाप नाही. दीर म्हन्ते, सोन्यासारखं घर हाय. पन म्हनलं, कोनाले न सांगता आपन सोता पाहून यावं."

"म्हंजे तुमी येनार, हे तिथं कोनाले ठाऊक नाही?"

"नाही."

अन्नपूर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ऊन चढू लागलं होतं.

"घर काय, मंगही दिसन. पोरीले जिथं जलम काढाचा, ते गाव तर पहा आधी. चला, मी दाखवतो. मलेही बाजार कराचाच हाय."

दोघी निघाल्या. आधी कापसातली सरकी काढायचं जिन लागलं. आवारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि कुंपणाच्या तारेला पांढरे पुंजके अडकले होते.

"मी अकरा वर्साची आली इथं, छकड्यात बसून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तवा एसटी नव्हती, काही नव्हतं. हा एवढा ढीग पाह्यला आन मले वाटलं, कोनाची तरी गादी फाटली. मोठ्यानं बोलली मी. सारं वऱ्हाड हसलं."

झुंबरबाईही हसल्या.

मग त्या कासाराच्या दुकानाशी आल्या. म्हातारी भिमाबाई कासारीण टोपलीतल्या बांगड्या निवडत होती. तिनं मान वर केली. "आज इकडं कशा बाई?"

"पाहुनी हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि तिथं थांबल्या नाहीत. पुढे गेल्यावर सांगू लागल्या, "सासरी आल्यावर आठ दिसात माह्या साऱ्या बांगड्या फुटल्या. झिम्मा खेळाची मी, एकटीच, भिंतीसंगं. सासू रागावली. या भिमाबाईनं गुपचूप नव्या भरल्या. म्हने, माय म्हन मले. अजूनही म्हन्तो."

बाजारात मेथी, वांगी, नवी केरसुणी घेऊन झाली. झुंबरबाई म्हणाल्या, "त्यायची अडत कुठं हाय? दुरूनच पाहू."

"तिकडं गाड्यायची लई गर्दी. बाया जात नाहीत." अन्नपूर्णाबाई दुसऱ्या बोळात वळल्या.

दुपारी त्या रेणुकामायच्या देवळात पोचल्या. दर्शन घेतलं आणि सावलीत बसून झुंबरबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, ठेचा. अर्धी त्यांनी अन्नपूर्णाबाईंपुढे धरली.

"माहेरची आठवन आली का मी इथं येऊन बसतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "चैतात जत्रा भरते तवा पाय ठेवाले जागा नसते. आता आठवन कमीच येते. मायही नाही राह्यली, भाऊही नाही. पन बसाची सवय लागली."

"गाव चांगलं हाय," झुंबरबाई समाधानानं म्हणाल्या. "माही कोकिळा रमन इथं. तुमच्यासारखं कोनी भेटलं तं लवकरच रमन."

अन्नपूर्णाबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"झुंबरबाई, तिथं पोरगी देऊ नका."

"काऊन वं माय?"

"खाऊनपिऊन सुखी घर हाय. पोरगाही गुनाचा हाय, कोनाले उनं बोलत नाही. पन त्याले फिट येते."

झुंबरबाईंनी हातातली भाकर फडक्यावर ठेवली.

"नऊ वर्साचा होता तवापासून. महिन्या-दोन महिन्यानं. बुलढान्याचा डॉक्टर झाला, अकोल्याचा झाला. कमी झाली, गेली नाही."

"माहा दीर तं काही बोलला नाही!"

"त्यायले कोनी सांगितलंच नसन. घरात साऱ्यायले शपथ घातली हाय. आधी लगन होऊ दे, मंग पाहू, म्हन्तेत. सांगून सवरून करत असते तं मी तोंड उघडलं नसतं. पन पोरगी हळदीच्या अंगानं येईन आन यक दिवस तो तिच्यापुढं कोसळन. बहिनी, काय होईन तिचं? आन त्याचं तरी? पोरगी घाबरून पाहीन त्याच्याकडं, ते त्याले सोसन काय?"

झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तुमाले हे कसं मालूम, बाई?"

"इतक्या जवळ राह्यलं का सारं दिसते."

झुंबरबाईंनी उरलेली भाकर फडक्यात बांधली. "आता नाही पाहात मी ते घर. बुलढान्याची गाडी कवा हाय?"

अन्नपूर्णाबाई त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. गाडीत चढण्याआधी झुंबरबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "नाव तं सांगा तुमचं."

"नाव कशाले पाह्यजे? कोनी इचारलं तं म्हना, कोनी भेटलंच नाही."

"देव तुमच्या लेकराचं भलं करो."

अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले. गाडी धूळ उडवत बुलढाण्याच्या रस्त्याला लागली. त्या कितीतरी वेळ तिथंच उभ्या होत्या.

घरी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. ओसरीवर पंचविशीतला एक तरुण पेपर वाचत बसला होता. त्यांना पाहताच तो उठला आणि त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेऊ लागला.

पिशवी त्याच्या हाती देत अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "देविदास, दुपारची गोळी घेतली काय रे बाळा?"